दोनशे चाळीस गुडघे

सदस्य निवास, खोली क्र. ३१२
४ मार्च

प्रिय भोपळ्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आपल्या दोन इमारतींच्या मधे फक्त एक रस्ता आणि दोन पहारेकरी आहेत, तरी तिकीट लावून पोस्टाने पाठवते आहे. हातात आलेला कागद न वाचता ठेवणं तुला जमत नाही, हे मला ठाऊक आहे.

आज एक्केचाळीस दिवस झाले. काल दुपारी तू तिसऱ्या मजल्यावर खिडकीत उभा होतास. मी इकडून हात केला आणि तू खिडकी लावून घेतलीस. राष्ट्राध्यक्षांचा व्यापार सचिव, परदेशावरच्या निर्बंधांची सगळी यादी ज्याच्या टेबलावरून जाते असा पन्नाशीचा माणूस, बहिणीला बघून खिडकी लावतो! त्यात पडदा फटीत अडकला. तू बराच वेळ त्याच्याशी झटत होतास. मी हसले. ते दिसलं असेल तर माफ कर, आणि नसेल दिसलं तर आता कळलं.

रागावलास ते कशावरून, हे आपण एकदा स्वच्छ बोलूया. नदीपलीकडच्या लष्करशहाने निवडून आलेल्या लोकांना तुरुंगात घातलं, म्हणून गेल्या वर्षी आमच्या सभागृहाने एकमताने निर्बंध लावले. कोणाचा माल अडवायचा आणि कोणाला सूट द्यायची, हे मात्र आम्ही सरकारवर सोडलं. म्हणजे तुझ्या खात्यावर. आणि तुम्ही काय केलंत? त्याच लष्करशहाच्या जावयाच्या खाणीतला संगमरवर आत घेतलात आणि स्वतःच्याच खात्याच्या नव्या जिन्याला लावलात. मी २२ जानेवारीला उभी राहून एवढंच विचारलं, "सचिवालयात कुठल्या दगडावरून चढतात?" सभागृह पाच मिनिटं हसत होतं. तू अधिकाऱ्यांच्या सज्ज्यात बसला होतास. तू हसला नाहीस.

मला ते सीमाशुल्काच्या कागदांवरून कळलं. सभागृहात मी हेच सांगितलं आहे, तूही तेच खरं धर.

आता माझं विधेयक समितीपुढे आहे. त्यातलं कलम पाच तुझ्या डोळ्यांत खुपत असणार: सरकारने दिलेली प्रत्येक सूट आधी सभागृहाने मंजूर करायची, मगच माल आत. तुमचे मंत्री म्हणतात, हा सरकारच्या कामात लुडबुड करण्याचा प्रकार आहे. असू दे. तीस वर्षं भूगोल शिकवला मी. वर्गात लुडबुड केल्याशिवाय शेवटच्या बाकावर काय चाललंय ते कधी कळलं नाही.

आईला काही सांगितलेलं नाही. तुला काम फार आहे, असं तिला वाटतं. तिने तुझ्यासाठी लोकरीची बंडी विणली आहे. ती मला अगदी बरोबर होते, तेव्हा लवकर ये, नाहीतर मीच घालीन.

तुझी,
ताई

घरी
१९ मार्च

प्रिय भोपळ्या,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलं नाही, यात मी आनंद मानते.

चार दिवस गावी आले आहे. आज नदीकाठच्या कार्यशाळेत गेले होते, तिथे कृत्रिम पाय बनवतात. ती चालवणाऱ्या मिस्त्रीणबाई तुला आठवत नसतील. एवढीशी बाई, पण हातातली पकड अशी की हस्तांदोलन केलं की अंगठी वाकावी. त्या पाय बनवतात, टाच बनवतात, पण गुडघ्याचा सांधा नदीपलीकडच्या एका छोट्या सहकारी कारखान्यातून येतो. त्या कारखान्यातली निम्मी माणसं लष्करशहाच्या नावाने बोटं मोडतात. पण तुमच्या यादीत एक ओळ आहे, "धातूचे फिरते सांधे व त्यांचे सुटे भाग". बंदुकांत वापरतात म्हणून. झालं! दोनशे चाळीस गुडघे नोव्हेंबरपासून सीमेवरच्या गोदामात पडून आहेत आणि तेवढीच माणसं कुबड्यांवर.

त्यातले एक आपले कंडक्टर. आठवतात ना? शाळेच्या बसमधे तू तिकीट न काढता लपायचास आणि ते तुला कॉलर धरून पुढे बसवायचे. अपघातात पाय गेला, आवाज तसाच आहे. मला बघितल्यावर लांबूनच ओरडले, "बाई, पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे!"

मी त्यांना यादीतली ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "माझ्या गुडघ्याने मी कोणावर गोळ्या झाडणार? फार तर बायकोला नाचायला नेईन. तिच्या पायावर पाय पडला तर ते युद्ध म्हणा."

मिस्त्रीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सभासद लोक निर्बंध लावता, ते सरकारवाले यादी करतात आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवता. माझ्याकडे माणसं उभी आहेत. उभी म्हणजे, उभं राहता येत नाही म्हणून आलेली."

मी म्हटलं, "माझं विधेयक येतंय."

"त्याने गुडघे कधी सुटतील?"

"लवकरच," म्हणाले मी. 

आणखी एक. गोदामात माझी एक जुनी विद्यार्थिनी कारकून आहे. गुडघे अडकल्याचा कागद तिनेच मला पाठवला होता, रीतसर, वरिष्ठांना विचारून. संगमरवराची बातमीही तिनेच फोडली असा संशय घेऊन तिला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. कागदावर तारीख ९ फेब्रुवारीची आहे आणि मी प्रश्न विचारला २२ जानेवारीला, म्हणजे तिच्या कागदाच्या आधीच. हे तुझ्या नजरेतून सुटलं नसेल. इतर कोणाच्या ते लक्षात आलेलं नाही. होईल तिचं काहीतरी. मी बोलते तिच्या साहेबांशी.

आईने मला आज विचारलं, "तो रुसलाय की तू?"

मी म्हटलं, "काम आहे गं त्याला."

ती म्हणाली, "तुम्ही दोघं खोटं बोलताना सारखेच दिसता." आणि बंडीची बाही उसवायला घेतली. तुझे हात माझ्यापेक्षा लांब आहेत, हे तिला आत्ता आठवलं.

ताई

सदस्य निवास
२ एप्रिल

भोपळ्या,

काल समितीपुढे जे झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू समोरच बसला होतास. पण टेबलाच्या माझ्या बाजूने ते कसं दिसलं, तेवढं लिहू दे.

तू आत आलास तेव्हा मी प्रश्नांचा कागद पुढे ओढला. बारा प्रश्न होते, एकेक तासून टोकदार केलेला. तुझी शपथ झाली. मी पहिला टाकला, "संगमरवराला सूट देणाऱ्या आदेशावर सही कोणाची?"

हाताखालच्या कोणाचं तरी नाव तू घेशील, असं मला वाटलं होतं. सगळे घेतात. तू म्हणालास, "माझी. वरून निरोप आला होता. पण निरोपाने दगड आत येत नाही, सहीने येतो. सही माझी."

माझ्या हातातले पुढचे चार प्रश्न तिथेच वाया गेले.

मग सरकार पक्षाचे ते सभासद, दातांचे डॉक्टर, उठले. त्यांना जिन्याचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना बातमी फोडणारा हवा होता. "त्या गोदामातल्या कारकूनबाईंना उद्या इथे बोलवूया," म्हणाले. "सरकारी माहिती बाहेर देणं हा गुन्हा आहे. नोकरी जाईल आणि गेलीच पाहिजे."

मी तोंड उघडायला हवं होतं. मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी प्यायले.

आणि तू म्हणालास, "त्या बाईंना बोलवू नका. त्यांचा काही संबंध नाही. संगमरवराचं मी सांगितलं. तीन जानेवारीला, आईच्या वाढदिवसाला, जेवताना. माझ्या बहिणीला."

 लघुलेखिकेने वर बघितलं. तिला वाटलं असेल, हे लिहायचं की नाही? तू तिच्याकडे वळून म्हणालास, "लिहा. जेवताना."

डॉक्टरांनी मला विचारलं, "हे खरं आहे का?" मी हो म्हटलं. 

आता ऐक. मी "सीमाशुल्काचे कागद" म्हणाले ते तुला वाचवायला, असं गेले दोन महिने मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. तू जिन्याची गोष्ट सांगितलीस तेव्हा तू हसत होतास, पण मधेच घास ठेवलास. मी तेव्हाच ओळखलं की तुला ते टोचतंय. मी तुला विचारायला हवं होतं. पण मला फक्त एक झकास प्रश्न दिसला. दोन वर्षं सभागृहात मागच्या बाकावर बसलेल्या भूगोलाच्या बाईला पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या आणि त्या इतक्या आवडल्या की त्यांच्यासाठी एका मुलीला घरी बसू दिलं. आज सकाळी तिच्याकडे फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, तुम्ही वर्गातही चूक कबूल करायच्या. पण उलटा टांगलेला नकाशा गुपचूप सुलटा लावल्यावर." मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. सोमवारी ती कामावर रुजू होते आहे.

तुझ्यावर चौकशी बसेल, तेही कळलं. तुझी बाजू मांडायला मी येणार आहे, तुला चालो न चालो.

उरलं कलम पाच. साक्ष संपवताना तू विचारलंस, "सभागृह वर्षातून किती दिवस बसतं?" मी म्हटलं, नव्वद. तू म्हणालास, "मग उरलेले पावणेतीनशे दिवस सूट कोण मंजूर करणार? उद्या मी त्या गुडघ्यांना सूट द्यायचं ठरवलं तरी तुमच्या कलमामुळे ते पावसाळी अधिवेशनापर्यंत गोदामातच राहतील. तुम्हाला माझा हात धरायचाय, पण धरताय तो नेमका माल सोडणारा हात."

मी काल दुपारभर तुझ्या म्हणण्यात चूक शोधली. सापडली नाही. फार राग आला मला.

ताई

घरी
९ मे

प्रिय भोपळ्या,

एवढं सगळं झालंय की कुठून सुरू करू? सरळ क्रमाने सांगते, तुला तसंच आवडतं.

एप्रिलच्या मध्याला मी माझ्याच विधेयकाला दुरुस्ती मांडली. कलम पाचमधली, माल येण्याआधीच्या मंजुरीची अट काढून टाकली. त्याऐवजी तीन गोष्टी. पोटकलम एक: सूट दिली की त्याच दिवशी नाव, कारण आणि सही करणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसेल असं प्रसिद्ध करायचं. दोन: औषधं आणि आजारी-अपंगांच्या वापराच्या वस्तू यादीतूनच बाहेर, त्यांना सूट मागायलाच नको. तीन: बाकीची कुठलीही सूट सभागृहाला तीस दिवसांत रद्द करता येईल आणि सभागृह बसत नसेल तेव्हा समितीला.

आमचे गटनेते इतके भडकले की त्यांचा चष्मा धुरकटला. "सरकारचा सचिव येऊन दोन वाक्यं बोलतो आणि तुम्ही कलम बदलता? तो तुमचा भाऊ म्हणून?"

मी म्हटलं, "भाऊ म्हणून मी ते दिवसभर मान्य केलं नाही. बरोबर होतं म्हणून संध्याकाळी केलं."

विधेयक मंजूर झालं आणि राष्ट्राध्यक्षांनी ते परत पाठवलं. सोबत चार पानांचं पत्र: परराष्ट्र धोरण चालवणं हे सरकारचं काम, वाटाघाटीत हात बांधले तर पलीकडचे लोक आम्हाला विचारणार नाहीत, वगैरे. मी ते दोनदा वाचलं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण वाटाघाटीत दगड सोडता येतो तर तो कोणासाठी सोडला हे सांगताही यायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

परत पाठवलेलं विधेयक पुन्हा मंजूर करायला दीडशेतली शंभर मतं लागतात. आमची होती चौऱ्याऐंशी. मंगळवारी मतदान झालं. मी बोटांवर मोजत होते, बोटं संपली, मग शेजारच्या बाईंची घेतली. चौऱ्याऐंशीनंतर सरकार पक्षाच्या बाकांवरून एक हात वर आला. कोणाचा? दातांच्या डॉक्टरांचा! मग एकामागून एक हात येत गेले. एकशे तीन!

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही कसे काय?" ते म्हणाले, "सरकारचा सचिव शपथेवर म्हणाला की आधीची मंजुरी नको. तुम्ही ती काढलीत. आता मी विरोध करू तरी कशाला? आणि बाई, खरं सांगू? त्या दिवशी तो माणूस 'सही माझी' म्हणाला ना, वीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं."

ते डॉक्टर मला आवडायला लागलेत. हे कोणाला सांगू नकोस.

गुरुवारी गुडघे सुटले. गोदामाच्या दारात आपली कारकूनबाई यादी घेऊन उभी होती. प्रत्येक खोक्यावर शिक्का मारताना मोठ्याने आकडा म्हणत होती आणि मिस्त्रीणबाई मागून तिला म्हणत होत्या, "हळू मार गं, आत पाय आहेत."

काल कंडक्टरांना पाय बसवला. पहिली दहा पावलं त्यांनी भिंत धरून टाकली. अकराव्याला भिंत सोडली, खोलीच्या मधोमध गेले आणि थांबले. मला वाटलं, आता काहीतरी विनोद करतील. त्यांनी केला नाही. बायको समोर उभी होती, तिच्याकडे नुसतं बघत राहिले. मग ती म्हणाली, "आता उभेच राहणार की घरी यायचंय?" आणि सगळी खोली हसून मोकळी झाली. मीही. रडलेही थोडी, पण हसण्यात खपून गेलं.

तुझ्या बदलीचं पेपरात वाचलं. वजन-माप विभाग. चौकशीत मला बोलू दिलं नाही, तूच नको म्हणालास असं कळलं. मला फार वाईट वाटतंय आणि ते कसं लिहावं हे सुचत नाही, म्हणून नुसतंच लिहिते: मला फार वाईट वाटतंय.

आईला मी सगळं सांगितलं. संगमरवर, टाळ्या, सगळं. तिने बंडीची शेवटची गाठ मारली. मग विचारलं, "तो जेवतो ना नीट?"

तू लिहिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. पण लिही.

तुझी,
ताई

वजन-माप विभाग, तळमजला
१४ मे

विषय : सख्ख्या बहिणीशी असलेल्या अबोल्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ४ मार्च, १९ मार्च, २ एप्रिल व ९ मे ची पत्रे.

महोदया,

उपरोक्त संदर्भीय चारही पत्रे या कार्यालयास प्राप्त झाली असून ती वेळोवेळी वाचण्यात आली आहेत. पैकी तिसरे पत्र तीन वेळा वाचण्यात आले.

ताई, हे असं फार वेळ नाही लिहिता येत.

पहिलं म्हणजे, प्रश्न विचारलास म्हणून मी रागावलो नव्हतो. त्या दिवशी जेवताना मी ते का बोललो, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. समोर एक सभासद बसली आहे, हे मी विसरलो नव्हतो एवढं खरं. कार्यालयात हे बोलायला माझ्याकडे कोणी नव्हतं. सही केल्यापासून मी त्या जिन्याने एकदाही चढलो नाही, मागच्या लोखंडी शिडीने जात होतो. शिपायाला वाटलं, साहेब व्यायाम करतात.

राग आला तो "सीमाशुल्काचे कागद" या उत्तराचा. तू मला वाचवत होतीस, ते कळलं. पण मला वाचवण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी पुढे ढकललंस. आणि मी काय केलं? तू खरं सांगशील म्हणून दोन महिने खिडकी लावून बसलो. तेवढे दिवस मीही गप्पच होतो की. म्हणजे ती मुलगी आपल्या दोघांमुळे घरी बसली. तिच्याकडे मीही जाऊन आलो. तिने मला चहा दिला आणि माझ्या यादीतल्या आणखी चार चुका दाखवल्या. सगळ्या बरोबर होत्या. नव्या सचिवांना कळवल्या आहेत.

इथलं काम वाईट नाही. काल दिवसभर दूध मोजायची मापं तपासली. एक लिटर म्हणजे एक लिटर, त्यात वरून निरोप येत नाही. पहिल्यांदाच साडेपाचला घरी गेलो. बायको घाबरली. तिला वाटलं, इथूनही काढलं.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. दार आईला उघडू दे, तू जरा आतच थांब. मला आधी तिला एकटीला भेटायचं आहे. मग तुझ्याशी भांडायला अख्खी दुपार आहे. कायद्याची प्रत सोबत आणतो, पेन्सिलीने खुणा केलेली. तीस दिवसांत सूट रद्द होऊ शकते म्हटल्यावर पलीकडचा कुठला व्यापारी तीस दिवस माल भरून ठेवील, सांग? पोटकलम तीन साफ चुकलंय, ताई.

तुझा,
भोपळ्या